पोटभर पाच

सोमवार, ३ नोव्हेंबर

पार्सल पोचलं. आलेल्या वस्तू:
निकाहाचा जोडा, गर्द हिरवा, ओढणीसह: १४० रु.
चांदीचे डूल, एक जोडी: ९५ रु.
अत्तर, लहान कुपी: ८ रु.
ह्यांना टोपी: ६ रु.
मला शाल: २२ रु. (नको होती. आहे ती अजून चार वर्षं जाईल.)
चपला, एक जोड: किंमत लिहिलेली नाही.
वजन जास्त भरलं म्हणून पोस्टमनकडे भरले: २ रु. ७५ पै.

मुलाची आई माझी जुनी मैत्रीण. तिचं आणि माझं ठरलं आहे, दोन्हीकडचा खर्च निम्मा-निम्मा, मुलाकडचे-मुलीकडचे असं काही नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला तिनं किमतीची चिठ्ठी टाचून पाठवली. चपलांना मात्र चिठ्ठी नाही. उलटसुलट करून पाहिल्या. उजवा तळ साधा, डावा अर्धा इंच जाड. वरून बघणाऱ्याला कळायचं नाही.

तिसऱ्या वर्षी आलेल्या तापात मुलीचा डावा पाय आखूड राहिला. दोन स्थळं बघून गेली आणि परत फिरकली नाहीत. हा मुलगा मोजणी खात्यात आहे. उन्हाळ्यात आईबरोबर आला, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की बाबा, पोरीची चाल अशी आहे. तो मावशीच्या नात्यानं हाक मारत म्हणाला, "खाला, मी रोज जमीन मोजतो. सपाट कुठलीच नसते."

चपलांचं माप त्याला कसं मिळालं? तर ह्यांनी मुलीची पावलं पुठ्ठ्यावर आखून गुपचूप पाठवली होती. मला पत्ता नाही. विचारलं तर म्हणतात, "टपालखर्च माझ्या विडीच्या पैशातून केला, तुझ्या वहीला धक्का नाही."

मुलगी चपला घालून खोलीभर चालली. एकोणीस वर्षं तिच्या चालण्याचा आवाज एक-दीड, एक-दीड असा ऐकतेय. आज एक-एक आला. मी कपाटात तोंड घालून चादरी मोजत बसले.

निकाह १२ डिसेंबर, शुक्रवार. अल्लाहचे लाख उपकार.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

उस्तानी आपा स्वतः जिना चढून आल्या. सत्तरी उलटली, तरी मोहल्ल्यातल्या मुलींना किताब, म्हणजे कुराण, शिकवतात. माझ्या मुलीलाही त्यांनीच शिकवली. वडिलांच्या वेळचं मसल्यांचं जाड पुस्तक बांधायला आणलंय. नमाज, रोजा, निकाह, वाटण्या, सगळ्याचे नियम त्यात.

ह्यांना म्हणाल्या, "याचं वय माझ्याइतकं. माझी शिलाई उसवली ती उसवली, याची तरी नीट कर."
हे म्हणाले, "आपा, तुमचा पुठ्ठा अजून मजबूत आहे."
"पुठ्ठ्याचं कौतुक नको सांगूस. आतली पानं विचार."

बांधणावळ १८ ठरली, आगाऊ ५ मिळाले. निकाहाच्या आत द्यायचं आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आमच्या कामाची वाटणी अशी: कापणं, पुठ्ठा, कापड चढवणं, शिकंज्यात दाबणं ह्यांचं. जुनी शिलाई उसवून फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, ओळीनं लावणं आणि पुन्हा शिवणं माझं. लावताना वाचायचं नाही, हा ह्यांचा नियम. "शिवणारी वाचायला लागली की दोन्ही कामं बिघडतात."

आज वाचलं. निकाहाचं प्रकरण होतं, म्हणून नजर गेली. कुणाशी निकाह होत नाही त्याची यादी. आई, बहीण, आत्या, मावशी, भाची. मग जिनं दूध पाजलं ती आई, आणि तिची मुलं ती भावंडं. इथवर मला पाठ आहे, किताबातलंच आहे. पुढं ओळ होती: दूध थोडं असो की जास्त, एकदा पोटात गेलं की नातं ठरलं.

सुई बोटात गेली. पानाला डाग लागला नाही, हे नशीब.

माझे अब्बा मशिदीच्या मक्तबात मुलांना शिकवत. आम्ही शाफई, इमाम शाफईंच्या मतानं चालणारे. अब्बा सांगत, पाच वेळा पाजलं तरच दुधाचं नातं. पाचही वेळा पोटभर, वेगवेगळ्या वेळी. आम्ही मुली एक-एक बोट मिटत ओरडायचो, "पोटभर पाच!" मूठ मिटली की नातं लागलं. ह्यांचं घर हनफी, दुसऱ्या इमामांचं. सत्तावीस वर्षं नमाजात हात कुठं बांधायचे एवढाच फरक मी पाहिला. याही बाबतीत फरक असेल हे मनात आलं नाही.

आता लिहितेच. ही वही कुणी वाचत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी मैत्रीण आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. तिचा हा मुलगा जन्मला आणि तिला बाळंतज्वर झाला. नऊ दिवस इस्पितळात, शुद्ध नाही. नवरा कामावर परगावी. मूल आमच्याकडं आलं. त्याच्या अकरा दिवस आधी माझं पहिलं बाळ गेलं होतं. सासूबाईंनी माझी छाती धडप्यानं आवळून बांधली होती, दूध आटावं म्हणून. त्या मुलाला चमच्यानं वरचं दूध पाजत, ते तो ओकायचा. मी म्हटलं, मी घेते. त्या म्हणाल्या, "दूध म्हणजे नातं. नवऱ्याला विचारल्याशिवाय नातं जोडायचं नाही, आणि त्याला आत्ता काही विचारू नकोस, तो आधीच खचलाय."

एकदाच पाजलं. दुपारची वेळ, खिडकीपाशी, खाली शिकंजा आवळल्याचा आवाज येत होता. सासूबाईंचा डोळा लागला होता. मी धडपा सोडला. एकदाच.

अब्बांच्या हिशेबानं एक म्हणजे काहीच नाही. मी निश्चिंत मनानं हे स्थळ स्वीकारलं होतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

झोप नीट नाही. ह्यांना आडून विचारलं, "पुठ्ठ्याला पान चिकटायला खळ किती लागते?"
"पान कसलं आहे त्यावर."
"तरी. कमीत कमी?"
"पातळ कागद असला तर ओलं बोट पुरतं. मग ओढलंस तर फाटेल, पण सुटायचं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खळ वाचवायची म्हणतेस की काय आता? दोन पैशांची खळ!"

मुलगी हसून लोटपोट. "अब्बा, अम्मी हवाही मोजून घेते."

सैपाक करताना सारखं तेच डोळ्यांपुढं. पहाटेची वेळ, सासूबाई पलीकडच्या खोलीत नमाजला उभ्या, नमाज संपून त्यांचा सलाम फिरेपर्यंत माझ्याकडे होता तेवढाच वेळ. तो घाईघाईनं प्यायचा, जणू त्यालाही ठाऊक. असं एकदा झालं. एकदा झालेल्या गोष्टीचं एवढं ओझं का वाटावं?

सोमवार, १० नोव्हेंबर

जोडा घालून बघितला. कमरेत सैल. मुलगी म्हणते, "आत घेऊ नकोस अम्मी, तिकडं गेल्यावर जाड होईन. सासू माझी तुझी मैत्रीण, खायला घालून मारेल."
मी म्हटलं, "आत्तापासून सासूची बाजू?"
"बाजू नाही. जागा धरून ठेवते."

दर पंधरा दिवसांनी त्याचं पत्र ह्यांच्या नावे येतं. शेवटच्या चार ओळी तिच्यासाठी असतात, त्या ह्यांनी मोठ्यानं वाचायची असा रिवाज पडलाय. यावेळी लिहिलं होतं, एका म्हातारीच्या बांधाचा तंटा मोजून मिटवला, तिनं दोन काकड्या दिल्या, एक तुमच्या वाटची होती, ती पोस्टात घेत नाहीत म्हणून खाल्ली. मुलीनं पत्र मागून घेतलं, "पत्ता नीट लिहून घेते" म्हणून. पत्ता तिला पाठ आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

उस्तानी आपांकडं गेले. मुलींची शिकवणी सुटेपर्यंत दाराशी बसले. मग म्हटलं, "आपा, एक बाई विचारत होती..."
"कुठली बाई?"
"आहे एक. लांबची."
"लांबच्या बायांचे ताप नेहमी जवळच निघतात. बस. विचार."

मी विचारलं. एकाच दीनात, एकाच धर्मात, एक इमाम म्हणतात पाच, एक म्हणतात एक. असं कसं?

आपांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "किताबात लिहिलंय, दूध पाजणारी ती आई. आकडा नाही लिहिला. हदीसमध्ये पाचाचा आकडा आलाय. तुझ्या अब्बांचे इमाम म्हणाले, हदीसनं किताबाचा अर्थ उलगडला, पाच धरा. आमचे इमाम म्हणाले, किताबानं मोकळं ठेवलंय ते मोकळंच ठेवा, एकही पुरे. दोघंही त्याच विहिरीचं पाणी काढतात. दोर कमी-जास्त."

मी म्हटलं, "एवढ्या थोर माणसांना एक आकडा ठरवता आला नाही, मग मॅट्रिक पास बाईनं काय ठरवायचं?"
"आकड्यात त्यांचा मतभेद आहे. खरं बोलण्यात कुणाचा आहे का?"

मग एक हदीस सांगितली. हुजूर पैगंबरांच्या काळी एकानं निकाह केला. एक साधी कामकरी बाई आली, म्हणाली, मी तुम्हा दोघांनाही पाजलंय. तो म्हणाला, मला माहीत नाही, तू कधी बोलली नाहीस. तो मक्केहून मदिनेपर्यंत विचारायला गेला. हुजूर म्हणाले, आता कसं चालेल, बोललं गेलंय ना? त्यानं तिला सोडलं.

"यावरही दोन मतं आहेत," आपा म्हणाल्या. "आमचे लोक म्हणतात, ती सावधगिरी होती. एकट्या बाईच्या शब्दावर नातं साबीत होत नाही, आणखी साक्षीदार लागतात."

मी विचारलं, "त्या बाईचं पुढं काय झालं?"
"माझ्या वाचनात नाही. तिचं नावसुद्धा नाही. शब्द तेवढा राहिला." मग म्हणाल्या, "तुझ्या त्या लांबच्या बाईनं कितीदा पाजलं?"
"एकदा."
"नक्की?"
"जिन्यावर उभ्या-उभ्या. खाली कोळशाची गाडी आली होती, सासू माप बघायला उतरली होती. तेवढ्यात."

आपांनी मला पाणी दिलं. घरी आल्यावर ध्यानात आलं, लांबच्या बाईची सासू कधी, कशाला उतरली होती, हे मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

साखर एक किलो. दोरा, दोन रीळ. दुसरं काही लिहायचं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

विचार केला. थंडपणे केला, हिशेब करतात तसा.

ठाऊक कुणाला? सासूबाई गेल्या. मैत्रीण शुद्धीवर नव्हती. तिला घरी आणलं तेव्हा मी मूल तिच्या हातात दिलं. पोट टम्म, झोपेत तोंड हलवत होता. ती रडत म्हणाली, "वरच्या दुधावर एवढा गुटगुटीत झाला!" मी म्हटलं, "अल्लाहची कृपा." ते खोटं नव्हतं.

म्हणजे ठाऊक मला एकटीला. ह्यांच्या मजहबानं, म्हणजे हनफी मतानं, एकटीची साक्ष चालत नाही. अब्बांच्या मजहबानं एकदा पाजलेलं चालत नाही. दोन्हीकडून दार उघडं आहे. मग मी उंबऱ्यावर का बसले आहे?

आणि हे मोडलं तर कारण काय सांगणार? लोक म्हणतील, तिसऱ्यांदा परत गेलं. पायामुळंच.

त्या दिवसांचं माझं जुनं हिशेबाचं पान काढून पाहिलं. कोरं आहे. सत्तावीस वर्षांत मी कोरं ठेवलेलं पान तेवढं एकच.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आपा पुस्तक न्यायला आल्या. ह्यांनी कौतुकानं पुढं केलं, नवं कापड, पाठीवर सोनेरी रेघ. आपांनी चष्मा लावून पानं चाळली आणि मध्येच पुस्तक उलटं फिरवलं.

"हा फर्मा डोक्यावर उभा आहे."

हे धावले. खरंच. सोळा पानं उलटी शिवलेली. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. आपांनी ती पानं वाचली, मग माझ्याकडं पाहिलं. दुधाच्या नात्याचीच पानं होती ती.

ह्यांना म्हणाल्या, "जरा बाहेरून खडीसाखर आणतोस? खोकला येतोय." हे गेल्यावर म्हणाल्या, "लांबची बाई बरीच जवळ आली म्हणायची."

मी सगळं सांगितलं. माझा हिशेबही सांगितला, की आकडा अब्बांच्या इमामांचा धरला आणि साक्षीचा नियम तुमच्या इमामांचा, तर गुन्हा कुठं होतो?

आपांचा आवाज चढला नाही. "पोरी, भाजी घेताना इथला कांदा स्वस्त, तिथला बटाटा स्वस्त, असं करतात. ते बरोबर आहे. दीनमध्ये इकडचं सोयीचं, तिकडचं सोयीचं उचललं तर त्याला बाजार म्हणतात. एका घरात राहा. दोन्ही घरांतून फक्त पळवाटा गोळा करू नकोस."
"मग तुमच्या घरात राहिले तर मोडलं. आणि अब्बांच्या घरात राहिले तर?"
"तर मोज."
"एकदाच, आपा."
"मला तू जिना सांगितलास. दुसरं काही आठवतं का ते मला नको सांगूस. मी काझी नाही. हदीस सांगणाऱ्याला आमचे बुजुर्ग काय विचारायचे माहीत आहे? तू काय ऐकलंस, हे नंतर. आधी विचारायचे, हीच गोष्ट तू मागं सांगितलीस तेव्हा कशी सांगितली होतीस? दोन वेळचं जुळलं नाही तर म्हणायचे, हा माणूस नेक आहे, पण याच्याकडून घेऊ नका."

पुस्तक ठेवून गेल्या. उसवून पुन्हा शिवायचं. मजुरी बुडाली, दोराही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

दुपारी हे पुठ्ठे आणायला गेले, मुलगी शिवणाच्या बाईंकडं. मी ही वही पहिल्या पानापासून वाचली. दुसऱ्या कुणाची असावी तशी वाचली.

सातव्या तारखेला लिहिलंय, दुपार, खिडकी, सासूबाईंचा डोळा लागलेला.
नवव्या तारखेला, पहाट, सासूबाई नमाजला उभ्या.
तेराव्या तारखेला, जिना, सासूबाई खाली कोळसा मापताना.
सोळाव्या तारखेला, पोट टम्म. वरचं दूध तो ओकायचा, हे मीच वर लिहिलंय. मग पोट कशानं टम्म होतं? परत देताना रडू नये म्हणून मीच पोट भरून दिलं होतं. तिच्या पायांचा आवाज जिन्यावर येईपर्यंत.

सगळीकडं लिहिलंय, "एकदाच". शब्द तोच, वेळा वेगळ्या. मी खोटं लिहीत नव्हते. दर वेळी लिहिताना तेवढं एकच समोर यायचं, बाकीचं मागं सरायचं.

चार बोटं मिटली. अंगठा उघडा होता. चाराला नातं नाही. अब्बांच्या घरात अजून राहता येत होतं. मी तो अंगठा धरून किती वेळ बसले कोण जाणे.

मग नववी तारीख पुन्हा वाचली. "तो घाईघाईनं प्यायचा." प्याला नव्हे, प्यायचा. मॅट्रिकला व्याकरणात मला शंभरात अठ्ठ्याऐंशी होते. एका पहाटेला कुणी "प्यायचा" लिहीत नाही.

सगळ्या पहाटा. सासूबाई एकदाही नमाज चुकवत नसत.

मूठ मिटली.

अब्बांना सलाम म्हटला. त्यांनी आकडा दिला होता, तो मीच भरून ठेवला होता.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

नमाजहून आल्यावर ह्यांना सांगितलं. ते तोच फर्मा उसवत होते. पूर्ण ऐकलं. हातातला दोरा हळूच काढून गुंडाळला, फेकला नाही.

"तेव्हा मला का नाही सांगितलंस?"
"सासूबाई म्हणाल्या, तुम्ही खचलाय."
"खचलो होतो." दोऱ्याची गुंडी डबीत ठेवली. मग म्हणाले, "विचारलं असतंस तर म्हणालो असतो, पाज. घरात एका तरी लेकराचं पोट भरतंय, हे मला ऐकू आलं असतं."

त्या बाळाबद्दल पंचवीस वर्षांत आम्ही दोघं बोललो नव्हतो. आज बोललो. ते इथं लिहीत नाही.

उठताना म्हणाले, "तिला मी सांगू?"
"नको. दूध माझं, शब्दही माझाच हवा."

शनिवार, २२ नोव्हेंबर

मुलीला सांगितलं. ती ओढणीला गोट लावत होती. सुई थांबली नाही, टाके लांब पडत गेले.

"किती वेळा?"
"पाचाच्या वर. मोजता येणार नाही इतक्या."
"एकदा असतं तर सांगितलं नसतंस?"

खरं बोलायचं ठरवलंय. म्हटलं, "माहीत नाही. दोन आठवडे नाहीच सांगितलं."

तिनं ओढणी घडी केली, जोड्यावर ठेवली, डुलांची डबी त्यावर. सगळं नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मग म्हणाली, "मी काय गुन्हा केला होता, अम्मी?"
"काही नाही."
"त्यानं?"
"त्यानं भूक लागली म्हणून रडायचा तेवढा गुन्हा केला."

मग ती रडली. मी जवळ गेले तर हातानं दूर ठेवलं. संध्याकाळपर्यंत दोन वेळा उठून घरातल्या घरात चालली, अनवाणी. एक-दीड, एक-दीड.

दिवेलागणीला माझ्याजवळ येऊन बसली. "तो मेला नसता, ओकून ओकून? नसतं पाजलंस तर?"
"सासूबाईंना तीच भीती होती. बोलायच्या नाहीत."
"म्हणजे तू पाजलंस म्हणून तो आहे. आणि पाजलंस म्हणूनच..." चपलांचा जोड पार्सलाच्या ढिगातून उचलून मांडीवर घेतला. "हे परत पाठवायचं?"
"सगळंच परत पाठवावं लागेल."
"भाऊ बहिणीला चपला घेऊ शकतो की नाही? तुझ्या अब्बांचे इमाम काय म्हणतात? आणि माझ्या अब्बांचे?"

मी म्हटलं, "यावर दोघांचं एकमत आहे."

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी पत्र लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा ठेवलं. चार कागद गेले. नक्कल इथं ठेवते, म्हणजे मागाहून मीच मला वेगळं सांगू नये.

"प्रिय मैत्रिणीस,

अस्सलामु अलैकुम. पार्सल पोचलं. सगळं चांगलं होतं. आता जे लिहिते ते बसून वाच, आणि मुलगा घरी असताना वाच.

तू इस्पितळात होतीस ते नऊ दिवस तुझं मूल वरच्या दुधावर नव्हतं. मी पाजलं. सासूबाईंना चोरून, ह्यांना न विचारता. बहुतेक रोज पहाटे, आणि इतर वेळाही. तू दारात येईपर्यंत पाजलं. वरच्या दुधावर गुटगुटीत झाला असं तू म्हणालीस, तेव्हा मी 'अल्लाहची कृपा' म्हणाले आणि बाकीचं गिळलं. हनफी धरा की शाफई, नातं ठरलं आहे. तुझा मुलगा माझाही आहे, आणि माझी मुलगी त्याची बहीण. हा निकाह होऊ शकत नाही.

मला हे आधी आठवत नव्हतं असं नाही. एकदाच पाजलं असं मी स्वतःला सांगत आले आणि त्यावर विश्वास ठेवत आले. लोकांना कारण सांगताना खरं तेच सांग, माझं नाव घेऊन. पोरीच्या पायावर येता कामा नये, एवढंच मागते.

जोडा, डूल, अत्तर, टोपी आणि शाल सोबतच्या पार्सलनं परत पाठवते. न वापरलेलं आहे. टपालखर्च पूर्ण माझा. चपला तेवढ्या ठेवून घेतल्या. त्यांवर किंमत नव्हती. आता विचारतही नाही, भावानं दिलेल्या वस्तूची किंमत वहीत लिहीत नाहीत.

त्याला सांग, त्यानं यावं असं वाटलं तर यावं. लगेच नको. पोरीला थोडा वेळ दे, त्यालाही. पण येईल तेव्हा खालून हाक मारून थांबायची गरज नाही, सरळ जिना चढून वर यावं. या घरात त्याला आता कुणापासून पडदा नाही. तो उन्हाळ्यात मला खाला म्हणाला होता. ते बरोबर नव्हतं.

पोरीचा निरोप आहे, तिनं सांगितला तसा लिहिते: 'मोजणी पुन्हा झाली, हद्द निराळी निघाली. जमीन तीच आहे.'

तू रागावशील. रागावण्याचा हक्क तुझा आहे, तुझ्या मुलाला तुझ्या परवानगीवाचून आणखी एक आई मिळाली. पण गप्प बसू नकोस, पंचवीस वर्षं गप्प बसून काय होतं ते आपण पाहिलं. दोनच ओळी लिही, रागाच्या असल्या तरी चालतील. सोबत जोडकार्ड ठेवलं आहे, पत्ता घातलेला आहे, तुला तिकिटाचा खर्च नको. उलट टपाली कळव."